ऱ्होनच्या मुखाशी मुक्काम

दक्षिण फ्रान्सची सहल म्हटलं की आपल्याकडच्या बहुतेक कार्यक्रमपत्रिकांत नीस, कान्स आणि मोनॅको ही तीन नावं ओळीने येतात. दोन दिवसांत ती उरकतात आणि बस इटलीकडे वळते. नीस सुंदर आहे, त्याबद्दल वाद नाही. पण हातात आठवडाभर असेल तर मी कोणालाही तिथून पश्चिमेला, ऱ्होन नदी समुद्राला मिळते त्या मुलखात जायला सांगेन. आल्प्समधून निघालेली ही नदी आर्ल या गावाच्या जरा वर दुभंगते, तिचे दोन फाटे समुद्राकडे जातात आणि मधल्या त्रिकोणात कामार्ग नावाचा सपाट, खारट, पाणथळ प्रदेश पसरतो. रोमनांची बांधकामं, पोपचा राजवाडा, व्हॅन गॉगने रंगवलेली शेतं, मिठागरं, भातखाचरं, फ्लेमिंगो आणि मार्सेयचं अडीच हजार वर्षांचं बंदर, हे सगळं आर्लहून सकाळी निघून संध्याकाळी परत येण्याच्या अंतरावर आहे.

पॅरिसहून टीजीव्ही गाडी आव्हीन्योंला पावणेतीन तासांच्या आत पोचवते. आव्हीन्योंला दोन स्टेशनं आहेत हे मात्र ध्यानात ठेवा. टीजीव्हीचं स्टेशन गावाबाहेर आहे, जुनं स्टेशन तटबंदीला लागून आहे, आणि दोघांमध्ये छोटी गाडी धावते. जुन्या स्टेशनवरून आर्ल वीस मिनिटांवर. मुक्काम आर्लमध्येच करावा. गाव लहान आहे, सगळं पायी होतं, आणि किनाऱ्यावरच्या नावाजलेल्या गावांपेक्षा राहणं स्वस्त पडतं.

आर्लची मजा अशी की तिथलं जुनं बांधकाम काचेआड ठेवलेलं नाही. इसवी सनपूर्व ४६ मध्ये ज्युलियस सीझरने आपल्या निवृत्त सैनिकांना इथे जमिनी दिल्या आणि गावाला रोमन वसाहतीचा दर्जा मिळाला. पुढे सव्वाशे-दीडशे वर्षांनी जे अ‍ॅम्फीथिएटर उभं राहिलं त्यात वीसेक हजार माणसं बसत. रोमन साम्राज्य मोडल्यावर लोकांनी त्या भिंतींचाच किल्ला केला. आतल्या मैदानात, पायऱ्यांवर, कमानींखाली घरं बांधली आणि वर टेहळणीचे बुरूज चढवले. शेकडो वर्षं एक आख्खी वस्ती त्या लंबवर्तुळात नांदली. १९व्या शतकात घरं हलवली, पण तीन बुरूज अजून उभे आहेत. एका बुरुजावर चढता येतं, आणि वरून लाल कौलं आणि पलीकडे नदी दिसते.

आज त्याच मैदानात उन्हाळ्यात बैलांचे खेळ होतात. हे खेळ दोन प्रकारचे असतात आणि त्यांतला फरक माहीत असलेला बरा. कामार्गच्या स्थानिक खेळात बैलाच्या शिंगांना गोंडे आणि दोरे बांधतात, पांढऱ्या कपड्यांतले तरुण हातातल्या छोट्या आकड्याने ते ओढून काढायला धावतात, आणि शिंग जवळ आलं की कठड्यावरून उडी मारून पळतात. बैलाला मारत नाहीत. तो आपल्या कळपात परत जातो, आणि वर्षानुवर्षं खेळलेल्या बैलाचा मान माणसापेक्षा मोठा असतो. जवळच्या ब्योकेर गावात तर ‘गोया’ नावाच्या बैलाचा पुतळा आहे. दुसरा प्रकार स्पॅनिश पद्धतीचा. ईस्टरच्या आणि सप्टेंबरच्या जत्रेत तो असतो आणि त्यात बैल मारला जातो. तिकीट काढताना कुठला खेळ आहे हे विचारून घ्या. मी पहिलाच पाहायला सांगेन.

व्हिन्सेंट व्हॅन गॉगचं आयुष्य माधुरी पुरंदरे यांच्या अनुवादामुळे मराठी वाचकाच्या ओळखीचं आहे, त्यामुळे आर्लला गेलेला मराठी माणूस आधी पिवळं घर शोधतो. ते आता नाही. १९४४च्या बॉम्बहल्ल्यात ते पडलं. व्हॅन गॉग फेब्रुवारी १८८८ मध्ये इथे आला आणि मे १८८९ मध्ये पंचवीस किलोमीटरवरच्या सँ-रेमीच्या मनोरुग्णालयात गेला. मधल्या सव्वा वर्षात त्याने चित्रं आणि रेखाटनं मिळून तीनशेच्या आसपास काम केलं. चित्रकार गोगँ दोन महिने त्याच्याबरोबर राहिला, भांडणं झाली, डिसेंबरमध्ये कान कापून घेण्याचा तो प्रसंग घडला. ज्या रुग्णालयात त्याला नेलं त्याचं चौकोनी अंगण आणि मधली फुलबाग त्याच्या चित्राबरहुकूम पुन्हा लावली आहे. गावाच्या स्वतःच्या मालकीचं त्याचं चित्र नाही. २०१४ मध्ये सुरू झालेल्या व्हॅन गॉग प्रतिष्ठानात बाहेरून आणलेली चित्रं मांडतात. पण संध्याकाळी नदीच्या धक्क्यावर, जिथून त्याने ऱ्होनवरचं चांदण्यांचं आकाश रंगवलं, तिथे जाऊन उभं राहा. आणि सँ-रेमीलाही जा. सँ-पॉल-द-मोझोलच्या मठातल्या खोल्या, बाहेरचे ऑलिव्ह, मागचे अल्पीयचे पांढरे डोंगर पाहिल्यावर त्याच्या चित्रांतल्या त्या वळणांमागे किती निरीक्षण होतं ते कळतं. तिथली झाडं खरोखरच तशी वाकलेली असतात.

ती वाकतात मिस्त्रालमुळे. ऱ्होनच्या खोऱ्यातून उत्तरेकडून सुटणारा हा कोरडा थंड वारा कधी कधी ताशी शंभर किलोमीटरच्या वर जातो आणि दिवसचे दिवस थांबत नाही. इथली जुनी शेतघरं पाहा, उत्तरेच्या भिंतीला खिडकी जवळपास नसतेच. शेतांच्या कडेला सुरूच्या झाडांच्या दाट रांगा असतात, त्याही वाऱ्यासाठीच. व्हॅन गॉग आपला ईझल जमिनीत खुंट्या ठोकून बांधायचा. या वाऱ्याने आकाश लख्ख धुऊन निघतं, आणि चित्रकार ज्या उजेडासाठी इथे आले तो उजेड बराचसा त्याचाच. उन्हाळ्यात गेलात तरी वाऱ्याला अडवणारं एक जाकीट बरोबर असू द्या.

आर्लच्या पुराणवस्तू संग्रहालयासाठी अर्धा दिवस राखून ठेवा. ऱ्होनच्या गाळातून वर काढलेली ३१ मीटर लांबीची रोमन मालवाहू नाव तिथे आहे, आणि २००७ मध्ये नदीतच सापडलेला, बऱ्याच अभ्यासकांच्या मते सीझरचा असलेला, संगमरवरी अर्धपुतळाही. शनिवार असेल तर सकाळ मात्र बाजाराची. बुलेव्हार दे लीसवर ऑलिव्ह, बकरीच्या दुधाचं चीज, मध, खरबुजं आणि कामार्गचा तांबडा तांदूळ यांची दुकानं लांबच लांब लागतात.

नीम हे आर्लहून अर्ध्या तासावरचं शहर. तिथलं ‘मेझों कारे’ हे रोमन देऊळ जवळजवळ जसंच्या तसं उभं आहे आणि २०२३ मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीत गेलं. पण नीमची खरी गोष्ट गावाबाहेर आहे. रोमनांना नीमला वाहतं पाणी हवं होतं. चांगला झरा होता उझेसजवळ, सरळ रेषेत वीस किलोमीटरवर. मधे टेकड्या, म्हणून वळसे घेत सुमारे पन्नास किलोमीटरचा पाट काढावा लागला. आता खरी अडचण ऐका: झरा आणि शहर यांच्या उंचीत फरक होता जेमतेम साडेबारा मीटर. म्हणजे किलोमीटरला सरासरी पंचवीस सेंटिमीटर उतार. एवढ्या उतारावर, पंप नसताना, पाणी खेळतं ठेवायचं. आणि वाटेत गार्दों नदीची खोल घळ आडवी आली, तेव्हा पाटाची पातळी तीच ठेवून ती ओलांडण्यासाठी इसवी सनाच्या पहिल्या शतकात त्यांनी जो पूल बांधला, तो पाँ द्यू गार.

जवळजवळ ४९ मीटर उंची, एकावर एक तीन मजली कमानी. खालच्या दोन मजल्यांच्या दगडांत चुना वापरलेला नाही. काही चिरे सहा टनांचे आहेत आणि फक्त वजनावर आणि घडणीवर बसले आहेत. चिऱ्यांतून बाहेर आलेले दगडी ठोकळे दिसतात, ते परांचीच्या आधारासाठी ठेवलेले, काम झाल्यावर तोडायची गरज वाटली नाही. वरच्या पाटात उतरून पाहायची सोय मार्गदर्शकाबरोबर असते. आतल्या भिंतींवर चुनखडीचा जाड थर साचलेला दिसतो. पाण्यातल्याच क्षारांनी शतकानुशतकं पाट अरुंद करत नेला, आणि देखभाल थांबली तसा तो बंद पडला. १८व्या शतकात आंरी पितो या अभियंत्याने जुन्या पुलाला चिकटून रस्त्याचा पूल बांधला. अभियांत्रिकी शिकलेल्यांना हे नाव प्रवाहाचा वेग मोजणाऱ्या ‘पिटो ट्यूब’मुळे माहीत असेल, तोच हा माणूस.

पाँ द्यू गार अर्ध्या तासात फोटो काढून सोडायची जागा नाही. उन्हाळ्यात कोलियास गावापासून छोट्या होडीने वल्हवत नदीतून येता येतं, पुलाखाली पोहता येतं. फ्रेंच कुटुंबं डबे, चटया घेऊन वाळवंटात दिवसभर असतात. दुपारी चारनंतर पिवळा दगड उजळायला लागतो, तोवर थांबा.

आर्लच्या दक्षिणेला कामार्ग. इथे डोंगर नाही, दगड नाही. पाणी, मीठ आणि आकाश एवढंच. ऱ्होनचं गोडं पाणी शेतात सोडून जमिनीतला खार खाली दाबायचा आणि त्यात भात लावायचा, असं इथलं शेतीचं गणित आहे. दुसऱ्या महायुद्धात फ्रेंचांनी इंडोचायनातून, म्हणजे आजच्या व्हिएतनाममधून, मजूर आणले होते. भाताची लागवड जाणणाऱ्या त्या माणसांच्या हातांनी इथली भातशेती पुन्हा उभी राहिली. त्यांची आठवण आता कुठे मोकळेपणाने काढली जाते, आणि तो तांबडा तांदूळ विकत घेताना ती आपणही ठेवावी.

पाँ-द-गो इथल्या पक्षी उद्यानात लाकडी पायवाटांवरून फिरताना फ्लेमिंगो इतके जवळ येतात की त्यांच्या चोचींचा आवाज ऐकू येतो. उजनीच्या पाण्यावर भिगवणला दिसणारा मोठा रोहित तो हाच. फ्रान्समधली त्याची वीण याच पाणथळीत होते. त्याच्या पंखांचा गुलाबी रंग आणि थोडं पश्चिमेला एग-मोर्तच्या मिठागरांतल्या पाण्याचा गुलाबी रंग, दोन्हींचं मूळ एकच आहे. अतिखारट पाण्यात वाढणारं एक सूक्ष्म शेवाळ लालसर रंगद्रव्य तयार करतं, ते खाऊन चिमुकल्या कोळंब्या वाढतात आणि त्या खाऊन पक्षी. मिठागरांतून छोटी रेलगाडी फिरवतात. एग-मोर्त हे स्वतःच तटबंदीत जसंच्या तसं राहिलेलं मध्ययुगीन गाव आहे. राजा नववा लुई १२४८ मध्ये इथूनच धर्मयुद्धाला निघाला होता, आज समुद्र काही किलोमीटर लांब आहे. कोपऱ्यातल्या कॉन्स्टन्स बुरुजात मारी द्युराँ ही स्त्री केवळ प्रोटेस्टंट असल्यामुळे १७३० पासून अडतीस वर्षं कैदेत होती. त्या खोलीच्या दगडात ‘प्रतिकार करा’ असं कोरलेलं आहे, ते तिनेच कोरलं असं मानतात. तटावरचा फेरफटका नंतर करा, ही खोली आधी पाहा.

कामार्गच्या टोकाला, समुद्रावर, सँत-मारी-द-ला-मेर. किल्ल्यासारखं बांधलेलं बाराव्या शतकातलं चर्च, आणि त्याच्या तळघरात काळ्या साराची मूर्ती. युरोपभरचे रोमा, ज्यांना जिप्सी म्हणून ओळखतात, साराला आपली रक्षणकर्ती मानतात. भक्तांनी वाहिलेल्या झग्यांवर झगे चढून ती मूर्ती रुंद झालेली असते, समोर मेणबत्त्यांनी तळघर तापलेलं असतं. २४ मे रोजी तिला खांद्यावरून समुद्राकडे नेतात. पुढे पांढऱ्या घोड्यांवरचे कामार्गचे गुराखी, मागे व्हायोलिन आणि गिटार, आणि हजारो माणसं कंबरभर पाण्यात. ही मिरवणूक मराठी माणसाला परकी वाटत नाही. फरक इतकाच की मूर्ती पाण्यात सोडत नाहीत, लाटांपर्यंत नेऊन परत आणतात. रोमा लोकांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून निघाले हे भाषाशास्त्राने आणि आता जनुकशास्त्रानेही दाखवलं आहे. सारा आणि आपली काली यांचं नातं सांगणारे बरेच भेटतात, पण ते सिद्ध झालेलं नाही. ज्या माणसांना युरोपात शतकानुशतकं गावाबाहेर ठेवलं गेलं, त्यांची देवता वर्षातून एक दिवस गावाच्या मधून जाते, आणि १९३५ पासून चाललेली ही मिरवणूक पाहायला मिळणं हेच मला मोठं वाटतं. या दिवसांत राहायची जागा मिळणं कठीण, आर्लहून सकाळची बस धरावी.

लव्हेंडरची शेतं पाहायची इच्छा सगळ्यांनाच असते, तर तारखा नीट पाहा. व्हालाँसोलच्या पठारावर जूनच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत फुलोरा असतो, नंतर कापणी होते. सो गावाच्या उंच भागात तो थोडा उशिरा, जुलैच्या शेवटापर्यंत मिळतो. पठारावर दिसतं ते बहुतांश लव्हेंडँ, म्हणजे संकर. त्याला बी धरत नाही, कलमांनी लावतात, आणि तेल भरपूर निघतं म्हणून साबणासाठी तेच वापरतात. अस्सल लव्हेंडर उंचावर होतं. इथे बसने जमत नाही, गाडी भाड्याने घ्यावी लागते. सेनांकच्या ११४८ मध्ये स्थापन झालेल्या मठासमोरचं शेत छायाचित्रांत खूप दिसतं. तिथे भिक्षू अजून राहतात, त्यामुळे आवाज बेताचा ठेवा आणि ओळींत शिरू नका. त्याच रस्त्यावर गेरूच्या लाल-पिवळ्या कड्यांवर वसलेलं रूसिलों आणि फोंतेन-द-व्होक्लूझचा झरा होतो. या झऱ्याचा तळ शोधायला १९८५ मध्ये यंत्र सोडलं तेव्हा ते ३०८ मीटर खोल गेलं. वसंतात पाण्याचा लोंढा पाहण्यासारखा, उन्हाळ्याच्या अखेरीस नुसतं शांत हिरवं विवर.

आव्हीन्योंला एक दिवस पुरे. १३०९ पासून १३७७ पर्यंत पोप रोम सोडून या भागात राहिले आणि त्यांनी बांधलेला प्रचंड दगडी राजवाडा आतून बराचसा रिकामा आहे. जुलैत मात्र याच गावाला वेगळाच जीव येतो. जाँ व्हिलार यांनी १९४७ मध्ये सुरू केलेला नाट्यमहोत्सव राजवाड्याच्या अंगणात भरतो, आणि गल्लीबोळांत शेकडो छोटे प्रयोग चालतात. नाटकवेड्या मराठी माणसाने सहलीच्या तारखा यावर बेतायला हरकत नाही.

आता मार्सेय. अस्वच्छ आणि धोक्याचं म्हणून या शहराला टाळणारे बरेच आहेत. खिसा सांभाळा, रात्री स्टेशनभोवती रेंगाळू नका, एवढी काळजी पुरते. इसवी सनपूर्व ६०० च्या सुमारास ग्रीक खलाशांनी वसवलेलं हे शहर. जुन्या बंदराच्या धक्क्यावर अजूनही सकाळी कोळी ताजी मासळी विकतात. ‘बुयाबेस’ ही इथली प्रसिद्ध मासळीची रस्सेदार डिश याच मासळीतून आली, मात्र आता ती महाग असते. शेजारी २०१३ चं म्युसेम हे भूमध्य संस्कृतींचं संग्रहालय आहे, आणि त्याला लागून कॉस्के गुहेची प्रतिकृती. मूळ गुहेचं तोंड समुद्रात ३७ मीटर खाली आहे. आंरी कॉस्के या पाणबुड्याला ती १९८५ मध्ये सापडली. हिमयुगात समुद्र खूप खाली होता तेव्हा माणसं तिथे चालत गेली आणि घोडे, सील, पंजांचे ठसे काढून आली. समुद्र वाढतोय, चित्रं बुडताहेत, म्हणून ही प्रतिकृती.

वास्तुकार ल कोर्बुझिएने १९५२ मध्ये पुरी केलेली ‘सिते राद्येझ’ ही वसाहतीएवढी इमारत इथेच आहे. गच्चीवर जाता येतं. २०१६ मध्ये ती त्याच्याच चंदीगडच्या शासकीय संकुलाबरोबर एकाच नोंदीत जागतिक वारसा ठरली.

आपल्या पाठ्यपुस्तकांतलं मार्सेलिस म्हणजे हेच. ८ जुलै १९१० रोजी ‘मोरिया’ बोटीच्या झरोक्यातून विनायक दामोदर सावरकरांनी याच बंदरात उडी घेतली, पोहत किनारा गाठला आणि धावले. फ्रेंच शिपायाने त्यांना पकडून इंग्रजांच्या हवाली केलं. फ्रान्सच्या भूमीवर झालेल्या या कारवाईवरून वाद हेगच्या लवादापुढे गेला, आणि २४ फेब्रुवारी १९११ रोजी लवादाने, पकडून देण्यात नियम मोडला गेला हे मान्य करूनही, ब्रिटनने त्यांना परत करण्याची गरज नाही असा निकाल दिला. त्या काळी मोठ्या आगबोटी जुन्या बंदराऐवजी उत्तरेकडच्या जोलिएतच्या धक्क्यांना लागत. आज तिथून कॉर्सिकाला जाणाऱ्या बोटी सुटतात. भारतीयांसाठी आणखी एक जागा शहराच्या दक्षिणेला, माझार्ग युद्धस्मशान. सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस भारतीय फौजा याच शहरात उतरल्या, आणि पहिल्या महायुद्धात मरण आलेल्या शेकडो भारतीय सैनिकांची स्मृती तिथे आहे. तिथे बहुतेक वेळा एकटेच असता.

माझार्गच्या पुढेच कालांक सुरू होतात. मार्सेय ते कासी या किनाऱ्यावर पांढऱ्या चुनखडीचे कडे समुद्रात घुसलेले, मधे हिरव्या-निळ्या पाण्याच्या अरुंद खाड्या. २०१२ पासून हे राष्ट्रीय उद्यान आहे. सुजितोंच्या खाडीला उन्हाळ्यात आधी मोफत नोंदणी करावी लागते, दिवसाला ठरावीकच माणसं सोडतात, कारण पावलांनी माती वाहून जाऊन झाडांची मुळं उघडी पडली होती. जून ते सप्टेंबर वणव्याच्या धोक्यानुसार डोंगरातल्या वाटा आयत्या वेळी बंद होतात, त्यामुळे आदल्या संध्याकाळी सूचना पाहाव्यात. प्रत्येकी दोन लिटर पाणी न्या, वाटेत मिळत नाही. चालणं जमत नसेल तर जुन्या बंदरातून बोट आहे.

जेवणाचं सांगायचं तर दुपारी बारा ते दोन आणि रात्री साडेसातनंतर, या वेळा सांभाळा. मधे स्वयंपाकघरं बंद असतात. दुकानात शिरताच ‘बाँझूर’ म्हणायला विसरू नका, नुसता प्रश्न विचारणं तिथे उद्धट मानतात. शाकाहारी माणसाचे हाल होत नाहीत. भाज्यांचं राताटुई, तुळशीच्या जातीच्या पानांच्या वाटणाचं पिस्तू घातलेलं सूप, मार्सेयला हरभऱ्याच्या पिठाच्या तळलेल्या पानीस, आणि नीसला गेलात तर लाकडाच्या भट्टीत तांब्याच्या परातीत भाजलेला सोका, जो मिरपूड घालून गरम खातात आणि ज्याची चव बेसनाच्या पातळ धिरड्याच्या अगदी जवळची आहे. ऑलिव्हची तापनाद चटणी मात्र विचारल्याशिवाय खाऊ नका, तिच्यात बहुधा अँचोव्ही मासा वाटलेला असतो.

महिना निवडायचा तर सारासाठी मे, लव्हेंडर आणि नाटकांसाठी जुलैचा पहिला पंधरवडा. ऑगस्टमध्ये सगळा फ्रान्स सुट्टीवर असतो, दर चढतात, ऊन भाजतं, तो टाळा. माझी पसंती सप्टेंबरला. समुद्राचं पाणी अजून कोमट असतं, गर्दी ओसरलेली असते, द्राक्षं उतरवली जात असतात, कामार्गमध्ये भात कापणीला येतो आणि आर्लमध्ये त्या तांदळाची जत्रा भरते.